वसुधा मुंडलेला पायऱ्या चढता येतात

१८ जुलै २००६, मंगळवार. दुपारी चारच्या सुमारास वसुधा मुंडले माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कांचन, मला पायऱ्या चढता येत नाहीत. तुला ठाऊक होतं का गं?"

मी शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये माझ्या मुलीकडे, आसावरीकडे राहते. तिसरा मजला आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. वसुधा जिन्यानेच वर आली होती आणि तिला धापही लागलेली नव्हती.

"कोण म्हणतं असं?"

"हे म्हणतात." तिने हातातलं पत्र माझ्यापुढे धरलं. "वाच. मोठ्याने वाच. मी दोनदा वाचलं तरी खरं वाटत नाहीये."

सहल कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं, सभ्य होतं आणि छोटं होतं. श्रीमती मुंडले यांना पायऱ्या चढता येत नाहीत आणि चाकांची खुर्ची लागते, असं विमान कंपनीकडून समजलं आहे. आमच्या बोटीवर फळीवरून चढावं लागतं आणि पाण्यात शिडीने उतरावं लागतं. त्यामुळे सप्टेंबरच्या तुर्कस्तानच्या सहलीत त्यांना घेता येणार नाही, याचं वाईट वाटतं. काही गैरसमज असल्यास चार ऑगस्टपर्यंत कळवावं. त्यानंतर ही जागा यादीतल्या पुढच्या प्रवाशाला दिली जाईल.

"गैरसमज कसला आलाय," वसुधा म्हणाली. "हा राजीव आहे."

राजीव म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. मुलगा चांगला आहे. आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून त्याच्याबद्दल भलतंच मत व्हायचं.

वसुधा मूळची देवगडची. वडील बंदरावर कारकून, आणि घर खाडीला इतकं लागून की भावंडांना पोहायला कुणी शिकवलं असं तिला आठवतच नाही. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन ती नागपूरला आली. "समुद्रापासून जितकं लांब देता येईल तितकं लांब दिलं मला," असं ती म्हणते. तिथे मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आठवीला भूमध्य सागरी हवामानाचा धडा असे. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, झाडांची पानं जाड आणि चकचकीत, पिकं ऑलिव्ह, अंजीर आणि द्राक्षं. दर वर्षी दोन तुकड्यांसाठी दोनदा ती फळ्यावर तो समुद्र काढायची.

"बासष्ट वेळा काढला मी तो समुद्र, खडूने," ती मला म्हणाली होती. "एकदा तरी चव घेऊन बघू दे. खारट आहे असं मी मुलींना केवळ पुस्तकाच्या भरवशावर सांगितलंय."

२००२ साली तिचे यजमान गेले आणि पुढच्या वर्षी राजीवने तिला इकडे आणलं. तिच्या त्या पहिल्या प्रवासापासूनच या गोष्टीला सुरुवात होते.

आपल्याकडच्या आईवडिलांना अमेरिकेत आणताना मुलं एक गोष्ट हमखास करतात. विमानाचं तिकीट काढलं की चाकांची खुर्ची मागतात. पाय ठणठणीत असले तरी मागतात. खुर्ची मिळाली की सोबत माणूस मिळतो, तो रांगा टाळून पुढे नेतो, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर उभा राहतो आणि सामान काढून देतो. इंग्रजी न येणाऱ्या आईला फ्रँकफर्टच्या विमानतळावर एकटं फिरावं लागत नाही. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. शॉमबर्गमधल्या कुठल्याही जेवणावळीत तुम्हाला हा सल्ला वाटीत वाढल्यासारखा मिळेल. राजीवला तो त्याच्या संग्राम नावाच्या मित्राने दिला होता, आणि वर एक बारकावाही सांगितला होता. "नुसतं 'वृद्ध आहे' सांगू नकोस यार. मग खुर्ची गेटलाच सोडतात. 'कान्ट क्लाइम्ब स्टेप्स' म्हण. मग डायरेक्ट विमानाच्या दारापर्यंत नेतात."

वसुधाला इंग्रजी येत होतं, पायही धड होते. तरी २००३ साली ती त्या खुर्चीत बसली, कारण मुलाने केलेली सोय मोडायला तिला संकोच वाटला. २००५ साली भारतात जाऊन परत येताना दोन्ही वेळा पुन्हा बसली. मीही बसलेली आहे. आमच्या वयाच्या बहुतेक सगळ्याच बसलेल्या आहेत.

तुर्कस्तानचं वेड तिला मार्चमध्ये लागलं. शॉमबर्गच्या लायब्ररीत दर बुधवारी निवृत्त लोकांसाठी काहीतरी कार्यक्रम असतो. एका बुधवारी डोरिस नावाच्या बाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर शाळेत व्यायाम शिकवलेला, आणि आता रोझेल रोडवर त्यांची छोटीशी सहल कंपनी. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. रुंद पोटाची, दोन डोलकाठ्यांची लाकडी बोट. तिला तिकडे गुलेत म्हणतात. बारा प्रवासी, खलाशी चार, रोज एक नवा किनारा.

त्या रात्रीपासून वसुधाची वही सुरू झाली. तिने लायब्ररीतून नकाशे आणले आणि शिक्षिकेच्या अक्षरात एकेका गावाची नोंद केली. मार्मारिस, जिथे बोट धरायची: खोल उपसागर, बंदर मोठं, गर्दी फार, लवकर निघालेलं बरं. दाल्यान: नदी वेतांच्या बेटांमधून समुद्राला मिळते, वर कड्यात कोरलेल्या राजांच्या कबरी, मुखाशी कासवांचा किनारा. गोचेक: पाइनच्या झाडांनी भरलेली बेटं, पाणी इतकं शांत की वारा कुठून येतो ते कळत नाही. फेतिये: बाजार करायचा असेल तर इथे. ओल्यूदेनिझ: किनाऱ्याच्या कुशीत निळं सरोवर, पर्यटकांचा फार लाडका, म्हणून सकाळी आठच्या आत बघावं. कालकान, मग काश, समोर हाकेच्या अंतरावर ग्रीसचं बेट. शेवटी केकोवा, तिथे भूकंपाने अर्धं गाव पाण्यात गेलंय आणि बोटीच्या काठावरून भिंती दिसतात.

"माहितीपत्रकात एक चूक आहे," ती मला म्हणाली. "त्यांनी सगळा किनारा 'ट्रॉपिकल' म्हटलाय. मी डोरिसला चिठ्ठी पाठवलीये."

एप्रिलमध्ये तिने नाव नोंदवलं, स्वतःच्या पेन्शनीतून. तिचा पासपोर्ट भारताचा, त्यामुळे तुर्कस्तानचा व्हिसा आधी घ्यावा लागणार होता. तोही ती मेट्राच्या लोकल गाडीने एकटी शिकागोला जाऊन घेऊन आली. राजीव काही बोलला नाही. बोलला नाही म्हणजे त्याला पसंत आहे असं तिने धरलं. त्याने मात्र एक काम गुपचूप केलं. सगळ्या गटाचं विमानाचं बुकिंग झाल्यावर त्याने विमान कंपनीला फोन केला आणि सवयीप्रमाणे आईसाठी खुर्ची मागितली. सवयीप्रमाणेच म्हणाला, हिला पायऱ्या चढता येत नाहीत. बुकिंग गटाचं असल्यामुळे ते डोरिसबाईंच्या कागदांवर उमटलं.

पत्र आलं त्या संध्याकाळी वसुधा मला सोबत घेऊन घरी गेली. "तू नुसती बस," ती म्हणाली. "तू असलीस की तो आवाज चढवत नाही आणि मी रडत नाही."

राजीवने पत्र वाचलं आणि कपाळावरून हात फिरवला. "ओह गॉड. आई, सॉरी. मी तुझ्यासाठीच... म्हणजे इस्तंबूलला विमान बदलायचं होतं, म्हणून."

"माझ्यासाठी तू मला लंगडी केलंस."

"लंगडी काय आई! एव्हरीबडी डझ इट. काकू, तुम्हीच सांगा."

मी मान हलवली. सगळे करतात हे खरंच होतं.

"आता ते दुरुस्त कर," वसुधा म्हणाली.

राजीव खुर्चीत मागे रेलला. "आई, हे बघ. झालं ते झालं. कदाचित बरंच झालं. तू एकोणसत्तरची आहेस. ओळखीचं कुणी नाही. बोट हलते, फळी ओली असते. पुढच्या वर्षी आपण सगळे मिळून क्रूझला जाऊ ना. मोठं जहाज, एलेव्हेटर असतो, डॉक्टर असतो."

"आणि बुफे असतो," वसुधा म्हणाली.

"हो, व्हेजिटेरियन पण असतं."

"राजीव, मला जेवायला जायचं नाहीये. मला समुद्रात जायचंय."

स्वयंपाकघरातून रुपाली, तिची सून, एवढंच म्हणाली, "राजीव, आईंना जायचंय रे." त्याने तिकडे पाहिलं नाही. सात वर्षांची रुही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "बट आजी कॅन क्लाइम्ब. शी क्लाइम्ब्ज फास्टर दॅन यू, बाबा."

राजीव उठून गॅरेजमध्ये गेला. तिथे काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वसुधाने मुलाची वाट पाहिली नाही. ती डॉक्टर मोरेश्वर टिपणीसांकडे गेली. आमच्या भागातल्या अर्ध्या मराठी घरांचे ते डॉक्टर. भला माणूस, पन्नाशीचा, जरा सुटलेला.

"मला चांगली तपासा आणि मी बोटीवर चढू शकते असं लिहून द्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. "काकू, मागच्या वर्षी मीच तुम्हाला पत्र दिलंय. गुडघे फार खराब, चालणं शक्य नाही. राजीवने मागितलं होतं विमानासाठी. आता वर्षाने मी उलटं कसं लिहू?"

"माझे गुडघे तुम्ही तेव्हा पाहिले होते?"

डॉक्टरांनी फाइल मिटली.

"मग आता पाहा."

दवाखाना तळमजल्यावर होता आणि इमारत चार मजल्यांची होती. वसुधा म्हणाली, चला. डॉक्टरांना वाटलं ती थट्टा करतेय. दोन मिनिटांनी ते तिच्यामागून जिना चढत होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला. ती वरून म्हणाली, "डॉक्टर, सावकाश या. घाई नाही." उतरल्यावर त्यांनी तिचा रक्तदाब, नाडी, गुडघे, सगळं नीट तपासलं आणि पत्र लिहिलं: आज प्रत्यक्ष तपासणी केली, बाई चार मजले चढतात, बोटीच्या प्रवासास योग्य आहेत. सही करताना म्हणाले, "आधीच्या पत्राबद्दल कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"तुम्ही तपासलं नव्हतंत, हे सांगेन."

"काकू!"

"मग दुसरं काय सांगू?"

एक ऑगस्टला आम्ही डोरिसबाईंच्या ऑफिसात गेलो. राजीवने गाडी चालवली. त्याने त्यासाठी कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती, हेही सांगायला हवं. गाडीत तो सारखा तेच तेच म्हणत होता.

"आई, फक्त एवढंच म्हण, देअर वॉज अ मिक्स-अप. एअरलाइनची चूक झाली. दे विल बिलीव्ह यू. बाकी काही बोलू नकोस. त्यांना वाटेल आपण इंडियन लोक खोटं सांगून व्हीलचेअर्स घेतो."

"घेतोच."

"ते आपल्याआपल्यात ठीक आहे गं!"

वसुधा खिडकीबाहेर बघत राहिली. मला माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांची आठवण झाली. तिथे खोटं बोलल्याची शिक्षा थोडी असे. चूक दुसऱ्यावर ढकलली तर मात्र पूर्ण आठवडाभर वर्गाबाहेर उभं राहावं लागे.

ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीवर तुर्कस्तानचा नकाशा. डोरिसबाईंनी आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या. डॉक्टरांचं पत्र वाचलं, शेजारी विमान कंपनीचा कागद ठेवला, दोन्ही पुन्हा वाचले. मग चष्मा काढला.

"श्रीमती मुंडले, माझ्यापुढे दोन कागद आहेत. एक म्हणतो तुम्हाला पायऱ्या चढता येत नाहीत, दुसरा म्हणतो चार मजले चढता. तिथे भर समुद्रात मी तुमच्याबरोबर असणार आहे आणि हॉस्पिटल नसणार आहे. मला सरळ सांगा. यातलं खोटं कोणतं?"

दाराशी उभ्या असलेल्या राजीवने घसा खाकरला. "ॲक्चुअली, इट वॉज अ..."

"पहिलं," वसुधा म्हणाली. तिचं इंग्रजी सावकाश असतं, पण त्यात भोकं नसतात. "पहिलं खोटं आहे. विमान कंपनीची चूक नाही. माझ्या मुलाने सांगितलं. या आधी तीनदा सांगितलं. मला रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून. सांगितलं त्याने, पण खुर्चीत बसले मी. मला चालता येत होतं आणि मी बसले. ज्याला खरंच चालता येत नव्हतं असा कुणीतरी तेवढा वेळ थांबला असेल. त्याची मला लाज वाटते. पण त्या लाजेपायी मी घरी बसणार नाही."

राजीव फरशीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मग डॉक्टरांचं पत्र खरं आहे यावर मी कसा विश्वास ठेवू?" डोरिसबाई म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ठेवू नका," वसुधा म्हणाली. "तुम्ही व्यायाम शिकवायचात ना? शिकवणारा माणूस कागदावर विश्वास ठेवत नाही, परीक्षा घेतो. मीही शिकवायचे. घ्या परीक्षा."

डोरिसबाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग डायरी उघडली. "गुरुवारी सकाळी दहा. पार्क डिस्ट्रिक्टचा, म्हणजे गावाचा पोहण्याचा तलाव. पाण्यातून शिडीने पाच वेळा वर यायचं, कुणाचा हात न धरता. आणि तलावाची एक लांबी पोहायची. पोहण्याचा पोशाख आणा. तिथे तो सक्तीचा आहे."

गाडीत परतताना वसुधा पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. "कांचन," ती माझ्या कानाशी म्हणाली, "मी देवगडला परकर खोचून पोहायचे गं."

पोशाखाचं काम रुपालीने केलं. बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर ती सासूला घेऊन मॉलमध्ये गेली. दोघी परत आल्या तेव्हा आठ वाजले होते. काळा, गुडघ्यापर्यंत पाय असलेला आणि अर्ध्या बाह्यांचा पोशाख मिळाला होता. रुपाली मला म्हणाली, "काकू, चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी फुलाफुलांचा झालरवाला दाखवला. आई म्हणाल्या, मला पडदा नकोय." मग म्हणाली, "मी राजीवला सांगितलंय, उद्या तू ऑफिसला जा. मी जाते आईंबरोबर."

गुरुवार, तीन ऑगस्ट. तलावाच्या आतल्या भागात क्लोरिनचा वास कोंडला होता. चारपाच अमेरिकन आज्या एका कडेला पाण्यात व्यायाम करत होत्या. वसुधा कपडे बदलून बाहेर आली. केसांचा अंबाडा रबरी टोपीत, हातात कानातल्या कुड्या काढून ठेवलेली डबी, कारण दागिने घालायचे नाहीत अशी पाटी होती. मी तिला कधी एवढं उघड्यावर पाहिलं नव्हतं. तिनेही मला बघू दिलं नाही. सरळ चालत गेली आणि शिडीवरून उतरली.

पाच वेळा वर यायचं होतं. पहिल्यांदा ती सहज आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिचा पाय ओल्या गजावरून सटकला, घोटा शिडीवर आपटला आणि ती पाण्यात गेली. रुपाली ताडकन उठली. डोरिसबाईंनी काठावरून हात पुढे केला.

वसुधा वर आली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि त्या हाताकडे बघून म्हणाली, "नो. यू सेड विदाउट हँड."

हात मागे गेला. ती चढली. मग चौथ्यांदा. पाचव्यांदा ती काठावर आली तेव्हा घोट्याशी लाल वळ उठला होता. "आता लांबी," ती म्हणाली. डोरिसबाई म्हणाल्या, थोडं थांबा. ती थांबली नाही.

तिचं पोहणं कुठल्याही पुस्तकातलं नव्हतं. कुशीवर वळून, एक हात पुढे टाकत, पायांनी कात्रीसारखं पाणी कापत ती निघाली. खाडीत ओहोटीच्या विरुद्ध जाणारे लोक तसे पोहतात. पंचेचाळीस वर्षांत ती खोल पाण्यात उतरली नव्हती. अर्ध्यावर ती मंदावली आणि मला वाटलं आता थांबते. व्यायाम करणाऱ्या आज्यांनी हातवारे सोडून दिले होते आणि त्या बघत होत्या. मग तिने बाजू बदलली, दुसऱ्या कुशीवर वळली आणि पलीकडच्या भिंतीला हात लावला. तिकडून ओरडली, "कांचन, हे पाणी अळणी आहे!"

डोरिसबाईंनी तिथेच, ओल्या बाकावर कागद ठेवून सही केली. मग म्हणाल्या, "माझ्याकडून झालं. पण विमान कंपनीच्या नोंदीत जे आहे ते तसंच राहिलं तर माझी विमा कंपनी तुम्हाला घेणार नाही. ज्यांनी ती नोंद केली त्यांनीच फोन करून ती काढायला हवी. उद्या पाचपर्यंत."

म्हणजे पुन्हा राजीव.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता तो घरी आला. वसुधा सोफ्यावर घोट्याला बर्फ लावून बसली होती, मी शेजारी. फोन टीपॉयवर होता.

"आई, तूच कर ना फोन," तो म्हणाला. "तुझंच बुकिंग आहे."

"सांगितलं कुणी?"

त्याने घोट्याकडे पाहिलं. "बघ, पडलीस. स्विमिंग पूलमध्ये पडलीस तू. तिथे..." तो खाली बसला. मग अगदी हळू म्हणाला, "बाबांच्या वेळी मी पोचलो नाही, आई. तिकीट मिळालं तोवर सगळं झालं होतं. मला पुन्हा तसा फोन नकोय. बस, एवढंच आहे. मला नकोय तो फोन."

वसुधाने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. मला वाटलं ती आता विरघळेल, सहल रद्द म्हणेल. आमच्या पिढीतल्या बायका तिथेच विरघळतात.

"तुझे बाबा पलंगावर गेले, राजीव," ती म्हणाली. "घरात. उशीवर डोकं ठेवून. समुद्रात नाही गेले. मला घरात ठेवून तू मला कशापासून वाचवणार आहेस?"

राजीवने ती पिशवी उचलून पुन्हा तिच्या घोट्याला लावली.

"तुला भीती वाटते, ते मला कळतं. वाटू दे. आई झाल्यापासून मलाही तुझी वाटते. म्हणून मी तुला विमानात बसू दिलं नाही असं झालं का? बावीस वर्षांचा होतास. मी काय सांगायला हवं होतं विमान कंपनीला, माझ्या मुलाला पायऱ्या चढता येत नाहीत?"

राजीवला हसू आलं आणि त्याच वेळी त्याचे डोळे भरले. त्याने फोन उचलला. वसुधाने हात लांब करून स्पीकरचं बटण दाबलं. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक बाई आली.

तो इंग्रजीत म्हणाला, "माझ्या आईच्या बुकिंगवरची व्हीलचेअर काढायची आहे." बाईने विचारलं, प्रवाशाची प्रकृती सुधारली आहे का? राजीवने आईकडे पाहिलं. 'हो' म्हणणं सोपं होतं. वसुधा त्याच्याकडे एकटक बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे, ती आधीपासूनच ठीक होती. मी सांगितलं ते खरं नव्हतं. तिला पायऱ्या चढता येतात."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. "ठीक आहे सर. काढलं. आणखी काही मदत?"

"नो. थँक यू." फोन ठेवून तो म्हणाला, "एवढंच? काही बोलली पण नाही ती."

"तुला काय वाटलं, पोलीस येतील?" वसुधा म्हणाली. "चहा टाक. आलं घाल. पाच वाजायच्या आत डोरिसला कळवायचंय."

नऊ सप्टेंबरला ती गेली. त्या दिवशी विमानतळावर मी नव्हते, त्यामुळे तिथलं काही सांगत नाही. आठ दिवस काही बातमी नव्हती. सतरा तारखेला, रविवारी सकाळी नऊ वाजता, मी राजीवकडे पोहे खात बसले असताना फोन वाजला. त्याने धावत जाऊन उचलला.

"आई! कुठे आहेस?"

आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. "काशला. बंदरातल्या फोनवरून बोलतेय. इथे संध्याकाळचे पाच वाजलेत. समोर ग्रीस दिसतंय, राजीव, कपडे वाळत घातलेले दिसतायत तिथले! डोंगर थेट पाण्यात उतरलेत. आणि पानं जाड आहेत, चकचकीत. मी तोडून बघितली."

"तू ठीक आहेस ना? गोळ्या घेतेस? आणि ती फळी? फळी कशी आहे?"

"फळी वीतभर रुंद आहे आणि कायम ओली. आज आठ वेळा ओलांडली."

"आई, कुणाचा तरी हात धरतेस ना? प्लीज, हात धर."

"धरते ना. आपल्या शेजारच्या एल्जिनच्या एक बाई आहेत, त्यांचा. त्या फार घाबरतात, माझ्याशिवाय पलीकडे येतच नाहीत." मग मागे कुणीतरी तिला हाका मारल्या, पाण्यात धपकन काही पडल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "सगळे पाण्यात उतरले बघ. ठेवते."